माझ्या वाटचं आमेन

आज वसमतजवळ एका शेतात हळद शिजवत होते. तो ओला, मातकट वास बसच्या खिडकीतून आत आला आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले.

माझे वडील, आबा, हळद शिजवण्यात पटाईत. आम्ही येशूला मानायला लागलो त्या वर्षी, कढईखाली जाळ लावायच्या आधी मालकानं त्यांच्या हातात नारळ ठेवला. "फोड. न्हाई तर उद्यापासून येऊ नको."

"मालक, तुमीच फोडा. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

मालकानं माझ्यादेखत, सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली. टोपी चिखलात पडली. आबांनी ती उचलली, झटकली आणि जाळ लावायला बसले. हळद शिजून तिच्यातून काडी आरपार जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

"तुमी काहून थांबले?" घरी जाताना वाटेत मी रडतच विचारलं.

"आज शिजली न्हाई तर सडंल ना, माय."

जेवणाआधीच्या प्रार्थनेत आबांनी मालकाचं नाव घेतलं, त्याच्या लेकराबाळांसाठी आशीर्वाद मागितला. मी आमेन म्हटलं नाही. आबा डोळे मिटून वाट बघत राहिले. भाकरी गार झाली. शेवटी माझ्या वाटचं आमेन आईनं म्हटलं.

तेव्हा मला आबा भित्रे वाटले होते. आता मीही रोज प्रार्थना करते, तरी त्या दिवशीचे आबा मला उमगत नाहीत. आबा गेले, मालकही गेला. ते आमेन मात्र अजून माझ्या तोंडात आहे. म्हणवत नाही, गिळवतही नाही.