न फोडलेल्या बांगड्या

चतुराबाई पहिल्यांदा आली ती नवरा सोडायला. औरंगपुऱ्यात वकीलसाहेबांकडे मी टायपिंग करायचो. तिची मागणी एकच होती: राहत्या दोन खोल्या तिच्या नावावर व्हाव्यात. तिच्याच सोन्याच्या पुतळ्या मोडून घेतलेल्या, पण कागद नवऱ्याच्या नावाचा. नवरा काकासाहेब तिला टाकून लासूर स्टेशनला आईजवळ राहत होता.

तारखांवर तारखा पडू लागल्या, तसा तिचा भाऊ सांडू उतावीळ झाला. त्यानं गावात पंच बसवले, काडी मोडली, कागदावर दोघांचे अंगठे घेतले. नातं तुटलं असं लिहिलं. खोल्यांबद्दल एक अक्षर नाही!

"हे कशाला केलं, बाई?" मी विचारलं.

"भाऊ म्हणला, कोर्टाचं कोर्टात चालू दे, लोकांत तरी मोकळी व्हशील."

शेवटी काकासाहेब नमला. खोल्या तिला द्यायच्या, अशी तडजोड मीच टाइप केली. सह्यांच्या तारखेला आठ दिवस उरले आणि विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला.

सांडूनं बहिणीला बजावलं, "तू आता त्याची कोण? मातीला जायचं नाय, बांगड्या फोडायच्या नाय."

तिनं ऐकलं. जन्मभर तिनं दुसऱ्यांचंच ऐकलं, याचा मला आजही राग येतो.

घटस्फोटाचा दावा नवऱ्याबरोबर संपला. वकीलसाहेब म्हणाले, "निकाल झालाच नाही. म्हणजे कायद्यानं तुम्ही त्याची विधवा. सासूबरोबर निम्मा वाटा तुमचा." मी खुशीनं चहा मागवला. घाईच केली.

सासू साळूबाईनं काडीमोडीचा कागद कोर्टात आणला. "बायको असती तर मातीला आली असती. बांगड्या तरी फोडल्या का तिनं?" आमच्यात काडी मोडली की नातं संपतं, असं पंचांनी शपथेवर सांगितलं. सहा वर्षं ती बायको राहायचं नाही म्हणून भांडली, पुढची तीन वर्षं बायको होते म्हणून. दोन्हीकडे हरली. खोल्या साळूबाईच्या झाल्या.

निकालाची नक्कल घेऊन ती माझ्या टेबलाशी बसली. महिनाभरात खोल्या सोडायच्या होत्या. एकाएकी तिनं दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर आपटली. काचा माझ्या कागदांवर उडाल्या.

"फोडल्या, भाऊ," ती म्हणाली. "ह्ये लिवून घ्या ना कुठंतरी."