उलट्या चपलांचा झिपऱ्या

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. किनवटच्या जंगलातल्या निवासी शाळेत मी चित्रकला शिकवायचो. अमावस्येलाही तिथं बिनधास्त एकटा फिरलोय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय. पण वय झालं, आणि एका माणसाचं देणं त्याच्या नावावर लावायचं राहून गेलंय.

माझी नात सानू बारावीला आहे. मुलगा-सून नांदेडला, आणि तिच्या क्लाससाठी आम्ही दोघं लातूरला एका खोलीत. लहानपणापासून ती माझ्या एकाच गोष्टीवर खदखदून हसायची – शाळेत जाणाऱ्या झिपऱ्या भुताच्या. झिपऱ्याचे पाय उलटे, म्हणून चपलाही उलट्या. शाळेकडे निघाला की पोचायचा घरी. रोज उशीर! एक दिवस मात्र वेळेवर हजर. "आज कसा काय रे?" "सर, आज शाळेकडं पाठ करून निघालो!"

यंदा मैत्रिणीकडून सानूनं ‘मांगा’ आणले. जपानी चित्रकथा. एका शाळेतली भुतं आणि त्यांच्या गमती. जेवतानाही हातात तेच, हसून हसून ठसका. मी झिपऱ्याची गोष्ट काढली की, "आबा, ऐकलंय ना ते शंभरदा!" खोटं कशाला सांगू, त्या कागदी भुतांचा मला हेवा वाटायला लागला. आणि हा हेवा माझ्या जुन्या ओळखीचा होता.

एका दुपारी ती क्लासला गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली आणि एक भाग घेऊन खाटेवर बसलो. एवढं काय असतं त्यात, बघू तरी! पण काही टोटल लागेना. मग तिचं बोलणं आठवलं – "आबा, उलटं धरलंत. हे उर्दूसारखं उजवीकडून वाचायचं."

उजवीकडून... आणि बशीर सर डोळ्यांपुढं उभे राहिले.

बशीर सर आमच्याच शाळेत गणिताला. शनिवारी फळ्यावर चित्रकथा काढायचे, तीही उजवीकडून डावीकडं. उर्दू शाळेत शिकलेले, हात तसाच वळायचा. फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहितात ना, तिथं ते हजर पटापेक्षा एकानं जास्त लिहायचे. "हा एक जास्तीचा कोण रे?" "झिपऱ्याऽऽ!" अख्खी शाळा दणाणायची. चित्रकलेचा मास्तर मी, आणि पोरांची गर्दी गणिताच्या मास्तरापुढं!

होय. झिपऱ्या माझा नव्हताच कधी.

तपासणीला साहेब आले तेव्हा मी हळूच त्यांच्या कानाला लागलो. "साहेब, पोरं रात्री घाबरून राहिलीत. भुताखेताचं शिकवतेत हे बशीर सर." पोरं घाबरत नव्हती. पण सरांची देगलूरकडं बदली झाली. निघताना माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झिपऱ्याला सांभाळा, भाई. पोरं विचारतील." पोरांनी विचारलं. मी फळा पुसायला लागलो. पुढं सर वारल्याचं कळलं. मग नातीसमोर तोच झिपऱ्या मी माझा म्हणून खपवला. विचारायला कोण येणार होतं?

तर त्या दुपारी... मी उजवीकडून वाचत गेलो आणि एका जागी चक्क मोठ्यानं हसलो. तेवढ्यात पाठीमागं आवाज आला – किर्र. खडूचा. मास्तर माणूस, तो आवाज चुकणार नाही.

वळून बघितलं. सानूच्या पांढऱ्या बोर्डावर, सूत्रांच्या वर उजव्या कोपऱ्यात, झिपऱ्या! डोळ्यांवर केस, उलट्या चपला, तोंडभर हसू. खाली – पट २, हजर ३.

गुलाबी खडूनं काढलेला. आमच्या खोलीत खडू नाही, आणि त्या गुळगुळीत बोर्डावर खडू उमटतही नाही. मांगातलं बघून कुणी काढावं, तर त्यातल्या भुतांना पायच नाहीत!

सानू आली. मीच कडी काढली. "आबा! झिपऱ्या असा दिसतो व्हय? लई भारी! तुम्ही काढला?"

किती महिन्यांनी माझ्याकडं बघून हसली होती पोरगी... "हाव," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग मला एक कागदावर काढून द्या ना!"

काढला. जन्मभर चित्रकला शिकवलेला हात, पाय-चपला सगळं जागच्या जागी. तिनं कागद बघितला, बोर्ड बघितला.

"आबा, हा हसत नाहीये."

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं, साहेबांच्या कानाला लागलो तेही. जेवण झाल्यावर ताट उचलताना ती एवढंच म्हणाली, "सर होते तेव्हा त्यांना सांगायचं होतं ना, आबा."

कडी आतून होती. खडू कुठून आला, कुणाच्या हातात होता, मला आजही माहीत नाही. कुणी म्हणेल, म्हाताऱ्यानंच भ्रमात काढला असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, पण तसा झिपऱ्या माझ्या हाताला येत नाही, हे मी कागदावर बघितलंय.

सानू बोर्ड पुसते, तो कोपरा सोडून. रोज सकाळी क्लासला निघताना त्याच्याकडं बघून म्हणते, "हजर, सर!" आणि हसते. मी चहा गाळत उभा असतो. आणि एवढं सगळं होऊनही, या वयात, मला बशीर सरांचा हेवाच वाटतो.