गिरणीवरचं बी.ए.

माझी बी.ए.ची पदवी सध्या पिठाच्या गिरणीवर लटकली आहे.

घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी! पदवी आली की आमच्याकडं ती लग्नपत्रिकेपासून ट्रॅक्टरच्या मडगार्डापर्यंत सगळीकडं छापतात. (फक्त नोकरीच्या मुलाखतीत ती कुणाला दिसली नाही. "कन्नड लिहिता येतं?" एवढंच विचारलं. गाव कर्नाटकात, शाळा मराठी; मला कन्नड नुसतं बोलता येतं.) शेवटी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, निपाणीच्या वाटेवर गिरणी घालून दिली. मुलीकडचे सदलग्याचे पाहुणे मला बघायला येणार, त्याच सकाळी आप्पांनी बोर्ड लावला. वर ठसठशीत मराठीत गिरणीचं नाव, माझं नाव आणि कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत 'बी.ए.'

"मोठ्ठं काढ, पेंटर! पाव्हण्यास्नी लांबनं दिसाय पायजे," आप्पा म्हणाले.

पाहुण्यांच्या आधी पंचायतीच्या माणसाला दिसलं!

"कन्नड एल्ली? कुठाय कन्नड? वर कन्नड, मोठं. मराठी खाली, बारीक. नाहीतर बोर्ड उतरवा."

पेंटरनं निमूट पुसून तसं केलं. रंग वाळायच्या आत आमचे तात्या, म्हणजे सख्खे चुलते, चार पोरं आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन हजर!

"आपली भाषा खाली घातलीस व्हय रं? आन् तू म्हनं शिकलेला!"

"तात्या, कायदा हाय."

"कायदा मला शिकवतोस?"

मी शिकलेला ना! तोडगा काढला : दोन्ही भाषा शेजारी शेजारी, सारख्या मापाच्या. तात्यांनी मान डोलावली. पण पंचायतीचा माणूस समोरच चहा पीत होता. तो कप ठेवून उठला.

"शेजारी चालत नाही. वर म्हणजे वर!"

"वर घालून तर बघ!" तात्यांनी डब्याचं झाकण काढलं.

तेवढ्यात आई धावत आली. "आवं, पाव्हणं फाट्यावर उतरल्यात!"

आप्पांचा संयम सुटला. "पूस रं सगळं! लई झाली भाषा!"

पेंटरनं भराभरा पांढरा रंग फासला. कोपऱ्यात येऊन ब्रश थांबला. "ह्ये बी पुसू?"

"ते राहू दे!" पंचायतीचा माणूस आणि तात्या एकदमच ओरडले. दिवसभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. इंग्रजीबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी त्या कोऱ्या बोर्डाकडं, मग माझ्याकडं, मग पुन्हा बोर्डाकडं पाहिलं.

"पोरगा शिकलाय म्हनायचा," ते बायकोला हळूच म्हणाले, "पन लिवाय काय येत न्हाय वाटतं."

मुलाखत घेणाऱ्यांचंही हेच मत होतं!

सदलग्याहून पुढं निरोप आला नाही. बोर्ड तसाच आहे. गावातल्या बायका डबा डोक्यावर घेऊन म्हणतात, "बीएकडं दळाय चाललोय." पाच पोरांच्या वर्गात मी पहिला आलो होतो, आता गिऱ्हाइकांच्या रांगेत ज्वारी आधी की गहू, एवढं ठरवतो.

पण पीठ बारीक पडतं हां! शिक्षण वाया गेलं, असं कुणी म्हणू नये.