बंदरावरची नोकरी

सत्तरी उलटल्यावर मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो, याची आमच्या दिवेआगरात बरेच दिवस चेष्टा चालली होती. वादळानंतर खाडीपलीकडे मनाच्या आजारातून उठणाऱ्यांसाठी एक केंद्र निघालं होतं. तिथं त्यांना सोबती हवे होते. गोळ्यांची आठवण करून द्यायची, बरोबर फिरायला जायचं, नुसतं शेजारी बसायचं, एवढंच काम. निवृत्त शिक्षकाला हे जमेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण माझा धाकटा भाऊ होता.

पहिली मुलाखत एका तरुण समुपदेशक मुलीनं घेतली. काका, घरात कुणाची काळजी घेतलीय का, असं तिनं विचारलं. धाकट्या भावाची, त्याच्या शेवटापर्यंत, असं मी सांगितलं. तिचे डोळे भरून आले. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. परतताना फेरीबोटीवर पाणी इतकं संथ होतं, की आपण पुढं चाललोय की किनारा मागं सरकतोय, कळेना. कठड्याला इस्त्रीचा शर्ट घातलेला भाऊ उभा आहे असं वाटलं, आणि मी तिकडे पाहायचं टाळलं.

त्याला विशीत आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा बहिणीला स्थळं येत होती. वडील नव्हते, निर्णय माझा. वाडीच्या टोकाला, विहिरीजवळच्या खोपीत मी त्याला ठेवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, तो न्हावा शेव्याला बंदरात कामाला असतो. बहिणीचं लग्न झालं. पुढं माझं, मग मुलांची. तो बंदरातच राहिला. त्याला मी बढतीही दिली.

हळूहळू त्यानंच ती नोकरी धरली. सकाळी शर्ट घालून सुपारीच्या झाडांखाली उभा राहायचा आणि विचारायचा, "दादा, बोट लागली का?" अंगणात परका आवाज आला की आपणहून खोपीकडे वळायचा. "माझी ड्युटी आहे," म्हणायचा. त्याला ते खरं वाटत होतं की तो मला सांभाळून घेत होता, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या मुलाखतीला त्या मुलीशेजारी माझ्या बहिणीच्या वयाची एक बाई बसली होती. ती स्वतः बरीच वर्षं आजारी होती आणि कुणाला घ्यायचं यात तिचंही मत धरत. तिनं एकच प्रश्न विचारला.

"तो जेवायला कुठं बसायचा?"

आमच्यातच, असं मी म्हणणार होतो.

"खोपीत," मी म्हणालो. "ताट मी नेऊन द्यायचो."

मग बंदर, बढती, सगळंच सांगितलं.

"माझंपण ताट असंच यायचं," ती म्हणाली. "गरम असायचं हो, नाही असं नाही."

परतताना बोटीवर आमच्या शेजारच्या वाडीतले गृहस्थ भेटले. पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते. "काय मास्तर, लागली का नोकरी?" त्यांनी हसत विचारलं. माझा भाऊ कधीच बंदरात नव्हता, असं मी त्यांना सांगितलं. ते पाण्याकडे बघत म्हणाले,

"ठाऊक हाय. गानी म्हनायचा तो. आमच्या वाडीत ऐकू यायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगत व्हतात ना, बंदरात हाय म्हनून."

भावाला सुट्टी कधी, असं हीच माणसं दर गणपतीला मला विचारायची. आपलं खोटं खपलं, असं मी समजत होतो. तो पनवेलच्या इस्पितळात वारला तेव्हा दिवसही मी तिकडेच उरकले, गावात कुणालाही जेवायला बोलावलं नाही. बोट आमच्या काठाला, दिघीला लागताना ते म्हणाले, "तिथीला बोलवा. येऊ आमी."

केंद्रातून नकार आला. त्या मुलीनं फोनवर अवघडून सांगितलं, की बाईंचं म्हणणं, हे आपल्या भावाजवळ बसायला येतायत, आमच्याजवळ नाही. मला ते पटलं. गावाला सगळं खरं सांगणार, असं मी बहिणीला म्हटलं. ती म्हणाली, "सासूबाई गेल्या आता. सांग."

वैशाखातल्या त्याच्या तिथीला मी आळीत घरोघर गेलो आणि तो कुठं राहिला, ते सांगून जेवायला बोलावलं. सगळे आले. त्या ड्रायव्हर शेजाऱ्यांची बायको डबा घेऊन आली होती. त्यात फणसाची सांदणं होती. त्याला फार आवडायची, कुंपणावरून हात पुढं करायचा, आणखी एक, वहिनी, म्हणायचा, असं ती सांगत होती. त्याला सांदणं आवडतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या पानावर किती ठेवायची, ते मी तिलाच विचारलं.