बोर्डाकडे पाठ

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी लंडनच्या एका रग्बी लीग क्लबात फिजिओ होते. मूळची पुण्याची, राहायला वॉटफर्डला. या खेळात कुणी पडलं तरी मॅच सहसा थांबत नाही. फिजिओने बाटली घेऊन मैदानात पळायचं आणि आजूबाजूला खेळ चालू असताना त्याला तपासायचं. डोक्याला मार असेल तर प्रश्न ठरलेले: मैदान कुठलं, समोर कोण, स्कोअर काय. उत्तर चुकलं तर बाहेर.

आमचा एक फॉरवर्ड मला ‘डॉक’ म्हणायचा. मी डॉक्टर नाही हे सांगणं मी केव्हाच सोडलं होतं. तो तिशी ओलांडलेला, आणि देशाच्या टीममध्ये जायची ती शेवटचीच संधी. निवड करणारा माणूस स्टँडमध्ये बसला होता त्याच दुपारी एक खांदा त्याच्या कानशिलावर आदळला. मी पोचले तेव्हा तो उभा होता, पण नजर जागेवर नव्हती. मैदान त्याने बरोबर सांगितलं. समोर कोण विचारल्यावर मागच्या रविवारच्या टीमचं नाव घेतलं. स्कोअरला गप्प. बाहेरून तेव्हाचा कोच ओरडत होता, त्याला आत ठेव म्हणून. पाणी पाजायच्या निमित्ताने मी त्याला खांद्याला धरून स्कोअरबोर्डाकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं. त्याने वाचून दाखवलं.

शेवटी शेवटी त्याने बॉल रेषेपार टेकवून एक ट्राय केला. निवड झाली. देशाकडून खेळला, मिळालेली टोपी आईच्या टीव्हीवर ठेवली, आणि गुडघे संपल्यावर आमचाच कोच झाला.

त्याच्यासाठी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होते. खरं म्हणजे माझं वर्क परमिट क्लबच्या हातात होतं आणि मला कोचला नाही म्हणायचं नव्हतं.

कोच म्हणून तो खेळाडूंची नावं विसरायचा, सगळ्यांना ‘बिग मॅन’ म्हणून वेळ मारून न्यायचा. ते हसायचे, मीही हसायचे. हे त्या एकाच दुपारमुळे, असं कुठलाही डॉक्टर ठामपणे सांगणार नाही. माझा आडोसा तेवढाच होता.

मग एका मॅचमध्ये आमचा एक खेळाडू तसाच पडला. मी पळत असतानाच कानातल्या रेडिओवर कोचचा आवाज आला, “डॉक, आधी बोर्डाकडे पाठ कर त्याची.”

मी केली. त्याला स्कोअर सांगता आला नाही. मी त्याला बाहेर आणलं. मॅच आम्ही हरलो.

नंतर कार पार्कमध्ये मी कोचला त्या जुन्या दुपारचं सगळं सांगितलं, परमिटसकट. तो किल्ल्या शोधत होता.

“तो ट्राय मी फक्त व्हिडिओत पाहिलाय, आणि तू मला बोर्डाकडे वळवलंस तेही,” तो म्हणाला. “त्या मॅचमधलं मला एकच आठवतं. खांद्यावरचा तुझा हात. वाटलं, चला, कुणीतरी बघतंय आपल्याकडे.”

किल्ल्या त्याच्या हातातच होत्या. मी त्या दाखवल्या.