फाटकाबाहेरच्या खाला

पोराच्या मनगटाजवळची बाही दोन बोटांत धरायची, कोपराकडे वर सरकवायची आणि विचारायचं, “तुला कुनी सांगितलं न्हाई का, बेटा?” उत्तर येईपर्यंत त्यांची कात्री चाललेली असायची.

आम्ही सगळे त्यांना खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. नगरजवळच्या नागापूरला एमआयडीसीच्या रस्त्यावर मी शिकवतो ती शाळा आणि शाळेच्या फाटकासमोर त्यांचं शिलाईचं दुकान. वर्षभर त्या पोरांचे गणवेश शिवायच्या. मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या शाळेत डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा असते आणि फाटकावर माझी ड्यूटी असते. अशा फाटकाशी तुम्ही कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे आधी कपड्यांचीच परीक्षा होते. लांब बाही चालत नाही, धातूचं बटण चालत नाही, बूट चालत नाहीत.

पहिल्या वर्षी एका रडणाऱ्या मुलीला पाहून खाला कात्री घेऊन रस्ता ओलांडून आल्या. पुढच्या वर्षापासून त्यांनी फाटकाशेजारी टेबलच मांडलं. सुई-दोरा, प्लॅस्टिकची बटणं, तीन मापांचे अर्ध्या बाह्यांचे कुडते, जुन्या चपला आणि कानातली काढून ठेवायला एक डबा.

एकदा एका डॉक्टरसाहेबांच्या मुलाच्या शर्टाची बाही त्यांनी हातात घेतली, तर साहेब ओरडले, “अहो, महागाचा शर्ट आहे तो!”

“परीक्षा शर्टाची हाय का पोराची?” खालांनी विचारलं. विचारता विचारता एक बाही कापूनही झाली. पण तेवढ्यात पोरगं घाईने आत पळालं आणि लगेच परत आलं. “बाई, एक बाही राहिली.”

खालांना प्रश्न पडायचे आणि ते सगळे त्या मला विचारायच्या. “सर, पेपर सगळ्यांना येकच?”

“एकच.”

“वेळ?”

“तोही सारखाच.”

 येणाऱ्या पोरांकडे बघत त्या एकदा म्हणाल्या, “ज्यांना सांगनारं कुनी असतं ना सर, त्यांच्या बाह्या घरूनच आखूड येतात.”

मी त्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. खरंच होतं. नगरच्या क्लासची पोरं अर्ध्या बाह्यांत, पायात स्लीपर घालून, हातात पाण्याची पारदर्शक बाटली घेऊन यायची. खालांच्या टेबलापाशी थांबायची ती जीपमधून उतरलेली, एसटीने आलेली. घरातून या परीक्षेला बसणारी पहिलीच.

तिसऱ्या वर्षी दीड वाजला आणि मी फाटक लावलं. साखळी ओढतोय तोच जीप येऊन थांबली. पाथर्डीकडची मुलगी, मागे तिचे वडील. करंजीच्या घाटात टायर फुटलं होतं. मुलीच्या अंगात नवाकोरा कुडता होता, मनगटापर्यंत बाह्या, बाहीच्या टोकाला नक्षी. आईने परीक्षेसाठीच शिवून घेतला होता.

खालांनी लगेच दोन्ही बाह्या कापल्या. मग माझ्याकडे वळल्या. “सर, आता चालंल. बघा, तयार हाय ती.”

“खाला, वेळ संपली.”

“कितीनं?”

“दोन मिनिटांनी.”

“दोनच?”

“नियम सगळ्यांना सारखा आहे.”

 मुलीच्या वडिलांनी गजांतून आतल्या रिकाम्या पटांगणाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. खाला हळूच म्हणाल्या, “नियम सारखा हाय, सर. रस्ता सारखा न्हाई.”

मी फाटक उघडलं नाही. उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे खरं आहे. आणि मी ते अजून स्वतःला सांगत असतो, हेही खरं आहे.

आत परीक्षा चालू होती तेवढा वेळ ती मुलगी खालांच्या दुकानात बसून होती. खालांनी तिला जेवू घातलं आणि मशीनवर बसून कापलेल्या बाह्या पुन्हा जोडून दिल्या. टाके इतके बारीक, की जोड शोधावा लागत होता.

पुढच्या वर्षी परीक्षेआधी खाला एसटीत बसून पाथर्डीला गेल्या, तिथून सोनईलाही. पिशवीत नमुन्याचा कुडता. पाथर्डीच्या ज्युनिअर कॉलेजात एका प्राध्यापकांनी विचारलं, “तुम्ही कोणत्या क्लासच्या?”

“मी शिलाई करते,” खाला म्हणाल्या आणि वर्गात शिरल्या. “ही बघा, येवढी बाही. असली बटनं. आन घरून लवकर निघा, घाटाचा भरवसा धरू नका.”

ती मुलगी त्या वर्षी वेळेच्या बरीच आधी आली. मार्कही चांगले पडले, पण सरकारी कॉलेजच्या यादीत तिचं नाव आलं नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा तिच्याहून कमी मार्कांवर खासगी कॉलेजात लागला. मी खालांना ते समजावून सांगत होतो. त्यांची कात्री थांबली.

“म्हंजे हिला मार्क जास्त, तरी ही बाहेर?”

“तिथली फी तिच्या घरच्यांना झेपणारी नाही, खाला.”

“मग आत आनखी येक फाटक हाय म्हना की.”

त्या चिडल्या नाहीत. कपडा उलटा करून शिवण कुठून गेलीय ते बघताना व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. “त्या फाटकावर कोन असतं, सर?” त्यांनी विचारलं.  मुलगी आता नर्सिंग करते आहे. खालांना अधूनमधून तिचा फोन येतो.

गेल्या वर्षी खालांना दोरा ओवता येईना, म्हणून मुलगा त्यांना संभाजीनगरला घेऊन गेला. दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्ती आहे. यंदा परीक्षेच्या पंधरा दिवस आधी त्यांचा फोन आला.

“सर, पाथर्डीला कोन जानार?”

मी शाळेतली कामं सांगायला लागलो.

“मी न्हाई तर तुमी जा.”

मी गेलो. बाही, बटण, चपला, ओळखपत्र, सगळं कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचून दाखवलं. पोरं शांतपणे उतरवून घेत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, घाटात अडकलो आन येक-दोन मिनिटं उशीर झाला, तर थांबत्यात का?”

वर्ग माझ्याकडे बघत होता.

“नाही, थांबत नाहीत,” मी म्हणालो. “फाटकावर मीच असतो.”