पिवळ्या पत्रकातली तिसरी ओळ

पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली की त्यातलं सगळं मरतं, असं तुम्हीही मानता ना? मी नुसतं मानत नव्हते, छापून वाटलं होतं.

आमच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याआधी पत्रक पडायचं. बाबा लिहायचे, आई घड्या घालायची. त्यामुळे पिण्याच्या पाण्यावर पत्रक काढताना कुणाला विचारावं, असं मला वाटलंच नाही. तिसऱ्या ओळीवर मी खूश होते: ‘जंगल वाचवा. पाणी उकळू नका, पावडर टाका.’ कन्नडात, पिवळ्या कागदावर छापून मी ते जंगलाकाठच्या सरगूर गावच्या बाजारात वाटलं. माझी थोरली बहीण, अक्का, तिथेच राहते. दोन गाई, दीड वर्षाचा मुलगा.

पुढे गाय व्याली. वासराला पाण्यासारखी हगवण लागली, मागोमाग भाच्याला. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी देत राहायला सांगितलं. तो सावरायचा, पुन्हा पडायचा. मांड्या सुकल्या, रडणं बारीक झालं.

मी म्हैसूरला एका प्रयोगशाळेत नमुने नोंदवते. वासराचं शेण आणि भाच्याची शी, दोन्ही डब्या मीच बसने आणल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत सारखेच गोल ठिपके होते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी.

“एवढ्याने काही ठरत नाही,” आमच्या मॅडम म्हणाल्या. “दिसायला सगळे सारखेच. काही कुळं फक्त माणसांत राहतात, काही गुरांत आणि माणसांत दोन्हीकडे. काहींचा मार जास्त असतो, पण त्यात मुलाची ताकदही आली. जनुकं बघू.”

बघितली. दोन्हीकडे एकच कूळ होतं, गुरांकडून माणसांत येणारं. मॅडम सहज म्हणाल्या, “कवच जाड असतं याचं. शेणातून पाण्यात उतरला, की ब्लीचिंगला दाद देत नाही. उकळलं की मरतो.”

मी अक्काला फोन केला. पाणी उकळ म्हटलं.

“अय्यो, तूच छापलंस की गं, उकळू नका म्हणून! गोठ्याच्या भिंतीला चिकटवलंय. त्याआधी मी उकळतच होते.”

अक्का थांबली नाही.

“आता काय, दुसरं पत्रक काढणार? तोवर ह्याने काय प्यायचं?”

“आत्ता चूल पेटव. आणि वासराला शिवलीस की हात साबणाने धू.”

“लाकडं जाळू? तुझ्या जंगलाला चालेल ना?”

तिने चूल पेटवली. भाचा हळूहळू उभा राहिला. उकळलेल्या पाण्यानेच, असं मी म्हणणार नाही; दुखणं आपल्या वेळेनेही गेलं असेल. पण तो पुन्हा पडला नाही. अक्काने भिंतीवरचं पत्रक फाडून चुलीत घातलं आणि मला तसं कळवलं.

बाकीची पत्रकं कुणाच्या घरी आहेत, मला ठाऊक नाही. त्या बाजारात कडेवर मुलं घेऊन आलेल्या बायकांना मी ती मुद्दाम आधी दिली होती.

तुमच्याकडे ते पिवळं पत्रक असेल, तर तिसऱ्या ओळीवर काट मारा. वर लिहा: पाणी उकळूनच प्या. मग शेजारच्या गोठ्याची भिंतही बघून या.